आमसुलाचं पाणी

भायखळ्याच्या भाजीबाजारात सुरणाच्या एकाच फोडीवर दोन हात पडले... एक माझा, एक त्याचा.

"मला हे पातळ कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचंय," मी म्हटलं. कॉलेजातून तशीच आले होते, आवाजातसुद्धा जीव नव्हता.

"मला पातळ कापून तळायचंय," तो हसला. "न्या तुम्हीच. तुमची गरज मोठी दिसते."

हा राजस. लालबागचा, बँकेतला. मग दर शनिवारी भेटायला लागला, कधी कोनफळ घेऊन, कधी अळकुड्या. मी सांगायची, रताळं म्हणजे मूळ, बटाटा म्हणजे खोड; पीठ दोन्हींत, पण दाण्यांची घडण निराळी. सुरणात मात्र बारीक सुया. त्याच घशाला टोचतात.

"आणि तुझ्यात कुठे असतात गं?"

कितीही दमलेली असले तरी हसू यायचंच.

माझ्या प्रबंधातली या कंदांची तुलना मार्गदर्शक मॅडमनी दोनदा परत केली होती. सोमवारी पुन्हा परत आली, तर प्रबंधच सोडायचा, असं मी ठरवून टाकलं होतं. रविवारी राजस मदतीला आमच्या दादरच्या घरी आला, तेव्हा कॉलेजातून आणलेल्या सूक्ष्मदर्शकाशेजारीच माझी मान कलंडली.

"मनवा, पड जरा. सुरण मी कापतो."

उठले, तर फोडी तांबूस पाण्यात पोहत होत्या.

"राजस... हे काय?"

"आमसुलं घातली. आमची आई त्याच्याशिवाय सुरणाला हात लावत नाही."

"अरे, बाकीचे कंद साध्या पाण्यात आणि हा एकटा आंबटात — तुलना कशी करू आता?" डोळे भरूनच आले.

त्याने चपला घातल्या, निघून गेला. गेला, मला वाटलं... प्रबंधापाठोपाठ हाही गेला.

परत आला तो काखेत नवा सुरण घेऊन. खाली बसला आणि या वेळी हातांना आमसूल न लावता चकत्या करू लागला. मी एकेक काचेवर ठेवत गेले. सुया दिसल्या, जुडीच्या जुडी, लखलखीत.

वळून पाहिलं, तर त्याचे तळवे लाल झालेले.

"खाजतंय?"

"छे."

"खोटारडा!"

मघाचंच आमसूल उचललं, त्याच्या तळव्यावर हळू हळू चोळत राहिले.

"याने खरंच थांबतं का गं? तुमचं शास्त्र काय म्हणतं?"

"शास्त्राचं नंतर बघू. तुझ्या आईंना विचारायला... येऊ मी घरी?"

त्याने ओल्या बोटांनी माझी बोटं धरली.

"ये ना. पण आधी नीट झोप. आई म्हणेल, पोरीला दमवून आणलीस."