फार्मसी स्कूलच्या बारा खोळी

सकाळी साडेआठला निरोप आला तेव्हा दुरुस्तीवालीसमोर एक बिघडलेला तराजू उघडा पडला होता. विद्यापीठातली झाडून सगळी यंत्रं तीच दुरुस्त करायची, म्हणून हे नाव. निरोप एका ओळीचा होता: फार्मसी स्कूलचे बारा मायक्रोस्कोप चोरीला गेले.

ती पोचली तेव्हा प्रयोगशाळेतली टेबलं मोकळी होती. दाराचं कुलूप शाबूत, खिडक्या आतून बंद. मधोमध विस्तार संचालक उभे होते. दोन वर्षांत त्यांनी चार नवी स्कूल काढली होती आणि पाचव्याची पाटीही रंगवून तयार होती. त्यांच्यासमोर वनस्पतीशास्त्र विभागाचे परिचर होते. सगळं विद्यापीठ त्यांना मामा म्हणायचं.

"मी कशालाही हात लावलेला नाही," संचालक म्हणाले. "दार किल्लीनं उघडलंय. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी मामांकडे."

"कारण ही खोली आमच्या विभागाची होती," मामा म्हणाले. "तुम्ही पाटी बदललीत, कुलूप नाही."

"उरलेल्या दोन खोल्या सोडायलाही हेच तयार नाहीत. आज अकराला मान्यता समिती येणार आणि आजच चोरी." संचालकांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. "मामा, दोनपर्यंत या कबुलीवर सही करा. राजीनामा घेऊ, बोभाटा करणार नाही. नाहीतर पोलीस."

"तीस वर्षांत इथली एक काचपट्टी घरी नेली नाही. बोलवा पोलिसांना. मी त्यांच्यासाठी खुर्च्या पुसून ठेवतो."

संचालकांनी तिकडे लक्ष दिलं नाही. खिशातून किल्ली काढून त्यांनी कोपऱ्यातलं लोखंडी कपाट उघडलं, एक यादी काढून दुरुस्तीवालीच्या हातात दिली आणि कपाटाला पुन्हा कुलूप लावलं.

"तक्रारीत यंत्रांचे नंबर लागतील. ही भांडाराची यादी. तपासून द्या."

तेवढ्या वेळात दुरुस्तीवालीला कपाटाचा खालचा कप्पा दिसला होता. त्यात काळ्या रेक्झिनच्या खोळी होत्या. वरच्या खोळीवर पांढऱ्या अक्षरात 'फार्मसी'. चारी कोपरे जुळवून घड्या घातलेल्या.

"कपाटाची किल्ली आणखी कोणाकडे आहे, सर?"

"कोणाकडेच नाही. आत महत्त्वाचे कागद असतात."

बाहेर व्हरांड्यात तिनं मामांना गाठलं.

"काल किती वाजता गेलात?"

"पाचला. यंत्रं जागेवर होती. सगळ्यांवर खोळी होत्या."

"मुलांचे तास रोज होतात इथे?"

"होतात. मागल्या महिन्यात, दुसऱ्या आठवड्यात तेवढे बंद होते. रंगकाम आहे म्हणाले. रंग कुठे लागला ते मला अजून सापडलेलं नाही."

ती हसली. मामा हसले नाहीत.

"पोरी, तू यात पडू नकोस. तुझी नोकरी अजून कच्ची आहे."

"मग तुमची पक्की असून काय उपयोग झाला, मामा?"

नर्सिंग स्कूल समोरच्या इमारतीत होतं. तिथेही चोरी झाली आहे का, ते पाहावं म्हणून ती गेली. प्रयोगशाळेत बारा मायक्रोस्कोप ओळीनं उभे होते, 'नर्सिंग' छापलेल्या खोळी घालून. तिथल्या सिस्टर टेबलं पुसत होत्या.

"कधी आले हे?"

"कागदोपत्री सहा महिने झाले. एरवी देखभालीला गेलेले असतात. तुम्हीच करता ना?"

दुरुस्तीवालीनं एका खोळीवरून बोट फिरवलं. रेक्झिनवर आडव्या-उभ्या ठळक रेघा होत्या.

"मागची पाहणी कधी झाली, सिस्टर?"

"मागल्या महिन्यात, दुसऱ्या आठवड्यात. आज पुन्हा. काल संध्याकाळी अचानक पत्र आलं. या वेळी दोन्ही स्कूल एकदमच, दोन गट करून. आमची नुसती धावपळ."

दुरुस्तीवालीनं एक मायक्रोस्कोप उचलला, तळाकडे पाहिलं आणि जपून खाली ठेवला.

अकरा वाजता फार्मसीच्या रिकाम्या प्रयोगशाळेत संचालक समितीच्या अध्यक्षांना चोरीची हकीकत सांगत होते. तीन महिन्यांची मुदत मागून झाली होती. अध्यक्ष बाईंची मान सहानुभूतीनं हलत होती.

"बाई," दुरुस्तीवाली म्हणाली, "पाच मिनिटं नर्सिंगमध्ये चला. चोरीचा माल तिथे आहे."

"हिला यंत्रांपुरतंच कळतं," संचालक म्हणाले.

"यंत्रांबद्दलच बोलतेय, सर."

नर्सिंगच्या प्रयोगशाळेत तिनं फार्मसीच्या यंत्रांची यादी अध्यक्ष बाईंच्या हातात दिली. "कुठलाही मायक्रोस्कोप उलटा करा. कारखान्याचा नंबर तळाला कोरलेला असतो."

बाईंनी पहिला उलटा केला. नंबर यादीत होता. दुसऱ्याचाही होता. तिसऱ्यानंतर त्या थांबल्या आणि संचालकांकडे वळल्या.

"म्हणजे मामांनी चोरून इथे आणून ठेवले," संचालक घाईनं म्हणाले.

"चोर यंत्र पळवतो. खोळी काढून घड्या घालत बसत नाही," दुरुस्तीवाली म्हणाली. "फार्मसीच्या खोळी आत्ता तुमच्या लोखंडी कपाटात आहेत. काल पाचला त्या यंत्रांवर होत्या. कपाटाची किल्ली एकच, तुमच्या खिशात. त्या मागे ठेवाव्याच लागल्या, कारण त्यांच्यावर नाव छापलंय. आणि या नर्सिंगच्या खोळी बघा, बाई. सहा महिने यंत्रावर असत्या तर घडीच्या रेघा कधीच गेल्या असत्या."

"मग नर्सिंगचे स्वतःचे बारा कुठे आहेत?" अध्यक्ष बाईंनी विचारलं.

"घेतलेच नाहीत. दोन स्कूल, खोळींचे दोन संच, यंत्रांचा एकच. पाहणी असेल तिकडे यंत्रं जायची. मागल्या महिन्यात नर्सिंगची पाहणी होती, त्याच आठवड्यात फार्मसीचे तास रंगकामासाठी बंद होते. इथे सांगायचे, देखभालीला गेलेत. देखभाल मी करते. माझ्याकडे नर्सिंगचा एकही मायक्रोस्कोप आजवर आलेला नाही. काल तुमचं पत्र आलं, दोन्हीकडे एकदम येतो म्हणून. बारा यंत्रं एका वेळी दोन इमारतींत उभी राहत नाहीत. एकीकडे चोरी झाली तरच सुटका होती. आणि फार्मसीची दुसरी किल्ली अशा माणसाकडे होती, जो खोल्या सोडत नव्हता. त्याच्या कबुलीचा कागद सकाळीच टाइप होऊन तयार होता."

सिस्टरनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "मी महिनाभर मुलींना चित्रं दाखवून पेशी शिकवल्या, सर."

संचालक दुरुस्तीवालीकडे वळले. "मान्यता गेली तर दोन स्कूल बंद पडतील. मुलं रस्त्यावर येतील. याचा विचार केलात?"

"तुम्ही पाट्या रंगवत होतात तेव्हा कोणी करायचा होता?" दुरुस्तीवाली म्हणाली.

अध्यक्ष बाईंनी कबुलीचा कागद मागून घेतला आणि स्वतःच्या फाइलमध्ये लावला. "दोन्ही स्कूलचे नवे प्रवेश थांबतील. आत्ता शिकताहेत त्यांना यंत्रं मिळेपर्यंत कुलगुरूंशी रोज मी बोलेन. संचालक, तुम्ही माझ्याबरोबर चला."

मामा मागोमाग येऊन नर्सिंगच्या जिन्यात उभे होते. सगळं ऐकून झालं होतं. खाली अंगणात पांढरे ॲप्रन घातलेली फार्मसीची मुलं ताटकळत होती. आज तास होणार की नाही, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"मामा, आता त्या दोन खोल्यांचं काय?" दुरुस्तीवालीनं विचारलं.

"रिकाम्या करायच्या नाहीत, हे ठरलेलंच आहे." मामा जिना उतरले आणि मुलांसमोर जाऊन उभे राहिले. "आमच्या विभागात सात मायक्रोस्कोप आहेत. जुने आहेत, पण दिसतं. तिघांत एक घ्या आणि भांडू नका. चला आत."