तावीजातलं कार्ड

सबोच्या गळ्यात हिरव्या कापडाचा तावीज होता. दवाखान्यात लस टोचण्याआधी मी तिच्या आईला विचारलं, "लसीचं कार्ड कुठाय?"

"हे काय, तिच्या गळ्यात!"

आमच्या जुर्म नावाच्या डोंगरी खोऱ्यात आया कार्ड तावीजात शिवून टाकत. सरकारी शिक्का आहे, म्हणजे ताकद असणारच. त्यांच्यात वाचता कुणालाच येत नसे. मी ब्लेडनं टाके उसवायला लागलो.

"अहो सुईवाले, हळू! माझी मेहनत आहे ती."

नऊ महिन्यांची सबो गोवराच्या सुईला किंचाळली. आईनं तिला उगी केलं आणि कमरेला खोचलेली शिवणाची सुई काढून म्हणाली, "आणा ते कार्ड. माझ्या सुईनं कुणी रडत नाही." आणि हसली. नवरा दरडीखाली गेलेली ती बाई... असं हसली.

मी पुढची तारीख लिहिली. खाली आणखी एक ओळ लिहिली — 'तुम्ही हसलात की माझा हात थरथरतो.' तिला वाचता येत नव्हतं, म्हणूनच धीर झाला. नाव विचारणं तर शक्यच नव्हतं. आमच्याकडे बाईचं नाव परक्यापुढे घेत नाहीत. कार्डावरही 'सबोची आई' एवढंच होतं. तिनं कार्ड शिवून टाकलं.

हिवाळ्यात आमची सुईण, आलमताज खाला, दवाखान्यात शेगडीभोवती आयांना वाचायला शिकवू लागली. एकदा म्हणाली, "सबोची आई भारी हुशार हो! घरी वाचायला काही नाही, तर पोरीचा तावीजच उसवला म्हणे."

माझ्या हातातला चहा सांडला.

नोकरी गेली असती तर चाललं असतं, चूक माझीच होती. पण ती रागावून आलीच नाही तर? सबोची दुसरी सुई राहणार. तिचं बघून बाकीच्या आयाही दवाखान्याकडे पाठ फिरवणार. त्यानंतर वर्गाच्या दिवशी मी मागच्या दारानं पळायचो.

जर्दाळू वाळत घालायच्या दिवसांत तिची तारीख आली. दुपार टळली, ती नाही. मी लसीच्या डब्याचं झाकण लावलं.

"झाकण काय लावता? तारीख आजचीच आहे. मी वाचलीय."

"आणखी... काय वाचलंत?"

"आधी उसवा."

टाके या वेळी फार बारीक होते. ब्लेड हातात ठरेना.

"अजून मी हसलेसुद्धा नाही," ती म्हणाली.

माझ्या ओळीखाली वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं — 'माझ्या भावाला येऊन भेटा. माहबेगिम.'

नाव! तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं.

"बघता काय? सुई टोचा," ती म्हणाली, आणि मग हसली.

अकरा वर्षं ते हसू माझ्या घरात होतं. मागच्या थंडीत ती गेली. गावानं थडग्याच्या दगडावर 'सबोची आई' कोरायचं ठरवलं. मी ते कार्ड कारागिराच्या हातात दिलं, तिनं लिहिलेल्या नावावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "हे असंच कोर."

दगड बसला तेव्हा सबोनं सगळ्या गावापुढे मोठ्यानं वाचलं, "माहबेगिम."