स्थिर पंख

बसमध्ये शेजारी बसलेला माणूस विमान चालवत होता.

निदान तिला तरी तसंच वाटलं. त्याच्या मांडीवर काळ्या रंगाचं, दोन शिंगांचं एक सुकाणू होतं. गाडीच्या स्टिअरिंगसारखं पूर्ण गोल नाही, वरून कापल्यासारखं. बस डावीकडे वळली की त्याचे हात नकळत डावीकडे वळायचे, उजवीकडे वळली की उजवीकडे. मोठा चौक आला, त्याने अगदी मान तिरकी करून वळण घेतलं आणि तिला हसू आवरेना.

"ड्रायव्हर पुढे बसलेत," ती म्हणाली. "तुम्ही जरा आराम करा."

तो दचकला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "सवय आहे," तो म्हणाला. मग खिडकीबाहेर बघत हळूच, "आणि त्यांनी वळण उशिरा घेतलं."

"सांगू का त्यांना?"

"नको. उतरवतील आपल्याला."

आपल्याला... दोघांना मिळून. तिला उगीचच बरं वाटलं.

"कुठल्या विमानाचं आहे हे?"

"घरातल्या." मग त्याने सगळं सांगितलं. मागच्या खोलीत एक टेबल, त्यावर स्क्रीन, पायाखाली पॅडल्स. संगणकावर हुबेहूब धावपट्टी, ढग, वारा. खोलीतून न हलता उड्डाणाचा सराव करता येतो. या सुकाणूला योक म्हणतात. "पण स्क्रीनवरच्या विमानाचे पंख थरथरतात. कितीही सरळ धरा. म्हणून दुरुस्तीला नेतोय. पुढच्या थांब्यापाशी एक दुकान आहे म्हणे. तिथले म्हातारे गृहस्थ खडूस आहेत, पण हात चांगला आहे."

"खडूस आहेत खरे," ती म्हणाली. "माझे बाबा आहेत ते."

पुढचा थांबा येईपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही. कानाच्या पाळ्या मात्र बोलत राहिल्या.

बाबांची नजर आता बारीक कामाला पुरत नव्हती. दुकानात येणारे कीबोर्ड आणि खेळाचे कंट्रोलर उघडायचं, तारा जोडायचं काम तीच करायची. जोडणीच्या गरम सळईने बाही जाळून घेतल्याशिवाय तिचा दिवस जात नसे, म्हणून बाबांनी तिला ठिणगी म्हणायला सुरुवात केली आणि सगळ्या गल्लीने तेच नाव उचललं.

तिने योक उघडला. जुन्या रेडिओवर आवाज कमीजास्त करायची गोल खुंटी असते ना, तसलीच एक छोटी खुंटी आत होती. योक फिरला की ती फिरते आणि किती फिरली ते संगणकाला कळवते. पण घासून घासून ती झिजते आणि मग काहीबाही सांगू लागते. योक स्थिर असला तरी म्हणते, हलला. ठिणगीने ती काढून तिथे चुंबकाचा सेन्सर बसवला. त्यात काही घासत नाही, त्यामुळे झिजतही नाही. तो खोटं बोलत नाही.

बसवून तपासायला मात्र त्याच्या घरी जावं लागणार होतं.

"ये बाई, ये," दारातच त्याची वहिनी म्हणाली. "ते विमान एकदाचं दुरुस्त कर, नाहीतर मोडीत तरी घाल. त्याच्यापायी माझं इस्त्रीचं टेबल गॅलरीत राहतंय."

"वहिनी, प्रवाशांनी कॉकपिटच्या दारात उभं राहायचं नसतं," आतून आवाज आला.

"मी प्रवासी नाही, घरमालकीण आहे. चहा हवा असेल तर नीट बोला, भाऊजी."

खोली लहान होती. एका जुन्या मोटारीची सीट फळीवर ठोकलेली. समोर तीन वेगवेगळ्या मापांचे स्क्रीन, एकमेकांना खेटून. टेबलाच्या कडेला योक आवळायचे लोखंडी पाय, उजव्या हाताशी इंजिनाचा जोर कमीजास्त करायचा दांडा, खाली पॅडल्स. पॅडल्स पुढे सरकू नयेत म्हणून भिंतीशी टेकवलेला पाटा. सगळं त्याने स्वतः मोजून, कापून बसवलेलं. ती खोली बघूनच तिला तो आवडला असावा... किंवा बसमध्येच.

वहिनीने तिला स्वयंपाकघरात गाठलं. पितळी झाकणाखाली चहा मुरत ठेवून ती हलक्या आवाजात बोलू लागली. भाऊजी विमान चालवायला शिकत होते. शिकणं निम्म्यावर आलं आणि मोटारसायकलवरून पडले. डाव्या हाताची नस दुखावली. हाड जुळलं, हात पूर्ण सुधारला नाही. "विमानाच्या शाळेने जागा ठेवलीय. शिक्षक शेजारी बसणार, एक उड्डाण घेणार. जमलं तर पुढे. नाही जमलं तर नाव कमी." वहिनीने गॅस बंद केला. "एवढ्या एका गोष्टीवर हा मुलगा सकाळी उठतो. ते गेलं तर काय, याचा मी विचारच करत नाही."

ठिणगीने योक आवळला. संगणकावर एक आकडा असतो. योक सरळ असला की तो शून्यावर उभा राहतो. कुणाचा हात नव्हता तेव्हा आकडा दगडासारखा उभा होता.

"बसा आता," ती म्हणाली.

विमान शिकणारा डाव्या सीटवर बसतो. डावा हात योकवर, उजवा इंजिनाच्या दांड्यावर. तो बसला, त्याने डावा हात ठेवला... आणि आकडा थरथरू लागला. स्क्रीनवरचं क्षितिज डुगडुगलं.

"अजून थोडं राहिलंय का?" त्याने विचारलं. तो स्क्रीनकडे बघत होता.

ती त्याच्या हाताकडे बघत होती.

एक वाक्य पुरेसं होतं. यंत्र बरोबर आहे. पण त्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं. निकालाच्या दिवशी मूल बघतं, तसं.

"हो," ती म्हणाली. "थोडं राहिलंय."

तिने सेटिंग उघडलं. एखाद्या दाराची कडी सैल असते. दार बोटभर हललं तरी कडी वाजत नाही. जोरात ढकललं तरच वाजते. योकलाही अशी सैल जागा देता येते. तिला डेड झोन म्हणतात. तेवढ्या जागेत हात कितीही हलो, विमानाला कळतच नाही. ठिणगीने ती जागा वाढवली. मग हाताच्या बारीक हालचाली पुसून टाकणारी आणखी एक सोय असते, तीही वाढवली. त्याचा हात थरथरतच होता. विमानाचे पंख मात्र स्थिर झाले.

त्याने विमान उतरवलं. चाकं धावपट्टीला टेकली तेव्हा तो हसला — असा, की दारात चहा घेऊन आलेली वहिनी तिथेच थांबली.

"मला वाटलं होतं, दोष माझ्यात आहे," तो म्हणाला.

त्यानंतर ठिणगी वरचेवर तिथे जाऊ लागली. कधी पॅडल कुरकुरतं म्हणून, कधी तार सैल झाली म्हणून. तारा एवढ्या कशा सैल होतात, असं बाबांनी विचारलं, तेव्हा ती कपाटात काहीतरी शोधू लागली.

अहो-जाहो कधी संपलं, कळलं नाही. तो उडायचा, ती शेजारच्या स्टुलावर बसून कंट्रोल टॉवर व्हायची.

"टॉवर, परवानगी मिळेल का?"

"कशाची?"

"टॉवरजवळ सरकण्याची."

"थांबा. धावपट्टीवर वहिनी आहेत."

"टॉवर, वहिनी गॅलरीत गेल्या."

"मग... वाऱ्याचा अंदाज घेऊन या."

तो स्टूल ओढून जवळ घ्यायचा. स्क्रीनवर ढग मागे पळत राहायचे आणि विमान आपलं आपण सरळ जात राहायचं.

चहाचा कप तो नेहमी उजव्या हातात धरायचा. एकदा डाव्या हातात धरला. बशी वाजली. त्याने शांतपणे कप खाली ठेवला.

"गंमत बघ," तो म्हणाला. "कप धरताना हा हात ऐकत नाही. पण योकवर ठेवला की गप्प होतो. त्याला कळतं गं, आपण घरी आलो."

तिने कप-बशी उचलून आत नेली.

तिने ठरवलं होतं, हात जसजसा सुधारेल तसतशी ती सैल जागा गुपचूप कमी करत न्यायची. तिने एकदा चिमूटभर कमी करून बघितली. पंख लगेच डुलले. तो गोंधळला, झोप कमी झाली असेल म्हणाला, चहा सोडला, व्यायाम वाढवला, चेहरा उतरून गेला. तिने जागा पुन्हा होती तेवढी केली. मग आणखी थोडी वाढवली, कारण हात सुधारत नव्हता. डॉक्टरांकडे पुन्हा जाऊ या का, असं तिने आडून आडून विचारलं, तर तो म्हणाला, "कशाला? बघतेस ना, कसा उडतोय."

आणि शाळेतून फोन आला. सोमवारी या.

वहिनीने इस्त्रीचं टेबल चक्क घरात आणून त्याचा पांढरा शर्ट कडक केला. तो ठिणगीच्या कानाशी म्हणाला, "सोमवारी उतरलो की तुला एक विचारायचंय."

"आत्ता विचार."

"नाही. आत्ता मी अर्धवट माणूस आहे. उतरल्यावर विचारीन."

तिला रडू फुटलं. खोलीत दुपारचं ऊन आलं होतं, सीटवर, पॅडल्सवर, त्याच्या गुडघ्यावर. ती खाली बसली आणि तिने सगळं सांगितलं. सैल जागा. पुसलेल्या हालचाली. यंत्र पहिल्या दिवसापासून बरोबर होतं, हे.



"शून्य कर," तो म्हणाला.

"ऐक ना—"

"सगळं शून्य कर."

तिने केलं. त्याने योक धरला, विमान धावपट्टीकडे वळवलं. पंख थरथरत होते. त्याने हात घट्ट आवळला, तसे ते जास्तच हलले. धावपट्टी तिरकी झाली, जवळ आली, आणि स्क्रीन लाल होऊन थांबला.

"खऱ्या विमानात शेजारी शिक्षक असतात," तो म्हणाला. "त्यांना दोन मुली आहेत." आवाज अगदी साधा होता. "तू आता जा."

रविवारी वहिनीचाच फोन आला. भाऊजी जेवले नाहीत, दार उघडत नाहीत. ठिणगी धावत गेली. तिच्या हाकेला दार उघडलं, पण त्याने तिच्याकडे बघितलं नाही. पांढरा शर्ट हँगरवर तसाच होता.

"शाळेत कळवलं," तो म्हणाला. "येत नाही म्हणून. नाव कमी करतील."

"माझ्यामुळे," ती म्हणाली. "मी तेव्हाच बोलले असते तर उपचार झाले असते. वेळ होता."

"झाले असते किंवा नसते. कुणाला माहीत." त्याने योककडे बोट दाखवलं. "हे काढून घेऊन जा. माझ्याने स्क्रू निघत नाहीत."

ती टेबलाखाली वाकली. एकेक स्क्रू सैल करून कडेला ठेवत गेली. हात कामात होते म्हणून बोलता आलं.

"पंख खोटे होते," ती म्हणाली. "बाकी मी इथे बसायचे, हसायचे... ते खोटं नव्हतं. मला तू आवडतोस. हात जसा आहे तसा, सगळाच."

"कसं ओळखायचं?" त्याने विचारलं. त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "मला तर दोन्ही सारखीच खरी वाटत होती. तू शेजारी असायचीस आणि मी सरळ उडायचो. आता तुला बघितलं की मला ते सरळ उडणं आठवतं. मी काय करू, सांग ना."

तिने शेवटचा स्क्रू फिरवला.

योक सुटून हातात आला तेव्हा तिच्या कोपराचा धक्का लागला आणि कडेला ठेवलेले स्क्रू खाली सांडले. सीटखाली, पॅडल्समध्ये, भिंतीशी. ती उचलायला वाकली.

"राहू दे," तो म्हणाला. "मी उचलतो."

तो जमिनीवर बसला. डाव्या हाताने पहिला स्क्रू पकडायला गेला. तो बोटांतून निसटला. पुन्हा पकडला, पुन्हा निसटला. तिचा हात आपसूक पुढे झाला होता. तिने तो मागे घेतला आणि योक छातीशी धरून उभी राहिली.

वहिनी दारात आली, बघून परत गेली.

बऱ्याच वेळाने पहिला स्क्रू त्याच्या मुठीत आला. त्याने वर न बघता हात उंच केला. तिने खाली तळवा धरला. स्क्रू तळव्याच्या कडेला लागून पुन्हा जमिनीवर पडला.

तो परत वाकला. ती तळवा तसाच धरून थांबली.