एफ्रेन कुठंच थांबला नाही

पोटात घालायच्या दुर्बिणी धुऊन झाल्या ना? मग बसा. आणि हसू नका रे! मयताच्या घरून निघालं की वाटेत कुठंतरी टेकायचं. पाव घ्या, कॉफी प्या, पण मागोमाग येणाऱ्या मेलेल्याला चकवा द्या आणि मगच पुढं जा. आपल्या फिलिपिन्सात, इलोइलोत शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. माझा मित्र एफ्रेन मात्र थांबला नाही.

हॉस्पिटलच्या याच खोलीत काम करायचा. कामाला वाघ, पण जिभेला हाड नाही. नेनिताताई नावाच्या पेशंटचं वजन कमी करायला जठर कापून लहान केलेलं. चौथ्या दिवशी पोटात कळा सुटल्या. हा म्हणतो, "चोरून खाल्लंत ना ताई? मग भोगा!" डॉक्टरांना सांगितलंच नाही मेल्यानं. आतली शिवण उसवली होती. बाई हकनाक गेली.

गेल्या वर्षी, चौदा नोव्हेंबर, गुरुवार. रात्री साडेनऊला तो हारो भागात नेनिताताईंच्या घरी गेला. मनाला लागलं होतं त्याच्या. लोक शवपेटीभोवती जागत बसलेले. तेवढ्यात डॉक्टर सालसेदोंचा फोन.

"एफ्रेन, लिलिबेथची शिवण गळतेय. जाळीची नळी बसवावी लागेल. पळत ये!"

लिलिबेथ म्हणजे त्याची बायको. तेच ऑपरेशन, चौथाच दिवस. त्यानं मोटरसायकल काढली आणि तडक इथं आला.

दहा चाळीसला दुर्बीण आत गेली. जठराच्या वरच्या टोकाला भोक, वाटाण्याएवढं. डॉक्टरांनी ते झाकायला जाळीची नळी बसवली. ती सरकली.

"नीट धर ना, गाढवा!"

"धरलीय, सर."

पुन्हा सरकली.

लिलिबेथला पूर्ण भूल. घशात श्वासाची नळी. ओठ हलले नाहीत. तरी आवाज आला...

"चोरून खाल्लंस ना? मग भोग."

नेनिताताईंचा आवाज.

एफ्रेननं हात जोडले.

"ताई, चुकलो... मला न्या. हिला सोडा..."

डॉक्टरांनी पुन्हा जाळी आत घातली.

तिसऱ्यांदा जाळी बसली. सकाळी एक्स-रेत पाहिलं, तर खाली घसरलेली. क्लिपा लावल्या, त्याही सुटल्या. बाविसाव्या दिवशी लिलिबेथ गेली. डॉक्टर म्हणाले, जाळी सरकते कधीकधी. खरंय, सरकते.

पण त्या रात्री दुर्बिणीच्या यंत्रानं छापलेला फोटो एफ्रेननं मला दाखवला. वेळ दहा सत्तेचाळीस. भोक स्वच्छ दिसतं. आणि त्याच्या कडेवर... पलीकडून आलेली... चार बोटं. भोक ताणून धरणारी.