विल्फचा चौथा ठोका

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर पिस्कॅटवेला जाऊन कुमारकाकांना विचारा. चहा मिळेल, पण बिनसाखरेचा.

गेल्या वर्षीचा ऑगस्ट. पहिला गुरुवार, सकाळचे अकरा. भुतांनी रात्री यावं असा संकेत आहे. पण हे भूत कारखान्यातलं होतं. दिवसपाळीचं.

काका फोनवर बातमी वाचत होते. इंग्लंडमधला त्यांचा जुना रेल्वे-डब्यांचा कारखाना त्या दिवशी दुपारी चारला कायमचा बंद होणार होता. तिकडचे चार म्हणजे इकडचे, अमेरिकेतले, अकरा.

एके काळी काय कारखाना होता तो! लाकडी डब्यांपासून सुरुवात, मग अर्ध्या जगाला गाड्या. पाच हजार माणसं. त्याच्या भोंग्यावर गावातली घड्याळं लागायची. काका १९७४ साली तिथे नोकरीला लागले तेव्हा उतरण सुरू झाली होती. मग ऑर्डरी आटल्या, मालक बदलत गेले. दर मालकाने गेटवर नवी पाटी लावली आणि आतली थोडी माणसं कमी केली. शेवटी पाटी मोठी आणि कारखाना लहान झाला.

माणसं कमी करायचा पहिला रिपोर्ट तरुण कुमारनेच लिहिला होता.

त्यात म्हातारा विल्फ होता. विल्फ तयार डब्याच्या प्रत्येक चाकावर हातोडी मारायचा आणि कान द्यायचा. खणखणीत वाजलं तर पास. बद्द वाजलं तर आत चीर. आपण माठ वाजवून घेतो ना, तसंच. म्हणून कुमारला ते पटकन जमलं. विल्फने हौसेने शिकवलं. कुमारने रिपोर्टात लिहिलं, हे काम मशीन करेल.

काम सोडून जाताना विल्फ एवढंच म्हणाला, "पोरा, तुझा कान चांगला आहे."

विल्फ वारला त्यालाही आता चाळीस वर्षं झाली.

तर... अकरा वाजले.

गॅरेजमधून आवाज आला.

टण्ण... टण्ण... टण्ण...

मग... बद्द.

काका धावले. गॅरेजमध्ये कोणी नव्हतं. मुलाची, निमिषची गाडी तेवढी उभी होती.

"कांचन, ऐकलंस?"

"काय ऐकू? तुमच्या कानातल्या मशीनची बॅटरी बदला आधी," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अकराला काकांनी मशीन काढूनच ठेवलं. फ्रिजची घरघर गेली. काकूंचा आवाज गेला. (हे त्यांना एरवी आवडलं असतं.)

सगळं शांत...

टण्ण. टण्ण. टण्ण.

बद्द.

चौथा ठोका. आवाज मागच्या डाव्या चाकातून.

पंधरा दिवसांनी याच गाडीतून नात रुही बॉस्टनला कॉलेजला जायची होती.

"निमिष, ते चाक बदल."

"बाबा, परवाच सर्व्हिसिंग केलंय यार."

"चारही बदल. पैसे मी देतो."

निमिषने बायकोकडे बघितलं. ती नजर काकांना कळली. पुढचा विषय डॉक्टरचा निघणार होता. पण चारही चाकं बदलली गेली. मेकॅनिकने जुनी तपासली. एकातही दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले.

टण्ण. टण्ण. टण्ण...

बद्द.

नव्या चाकावरही! मग काकांच्या लक्षात आलं... त्या चाकाच्या वर, मागच्या डाव्या सीटवर, लहानपणापासून रुहीच बसते.

निघायच्या दिवशी सामान भरता भरता अकरा वाजत आले. काका जाऊन डाव्या सीटवर बसले.

"आजोबा, दॅट्स माय सीट!"

"आज माझी. मीही येतोय बॉस्टनला."

"अहो, तुमच्या गोळ्या?" काकू दारातून ओरडल्या.

रुही हसत उजवीकडे बसली. काकांनी डोळे मिटले.

टण्ण. टण्ण. टण्ण...

टण्ण!

त्यांच्या खालून खणखणीत आला. काकांनी श्वास सोडला. सुटली पोरगी.

आणि मग...

पाचवा ठोका. आजवर पाचवा कधीच पडला नव्हता.

बद्द. अगदी रुहीच्या बाजूच्या दारातून.

रुहीने कानातला इअरफोन काढला. "आजोबा... कोण नॉक करतंय?"

त्या दिवशीचं जाणं रद्द झालं. रुहीच्या सगळ्या तपासण्या काकांनी हट्टाने करून घेतल्या. रक्त, हृदय, डोकं, सगळं नॉर्मल. मेकॅनिकने चाकांबद्दल सांगितलं होतं, अगदी तसंच. आठवडा उशिरा रुही गेलीच. न जाण्याचं कारण म्हणून भूत लिहायला कॉलेजच्या फॉर्मवर रकाना नव्हता.

ती गेल्यापासून पिस्कॅटवेच्या गॅरेजमध्ये आवाज नाही.

निमिषला वाटतं, बाबा सुधारले. काका मात्र रोज अकराला गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसतात. शांतता ऐकतात. घामाघूम होतात.

मागच्या मंगळवारी अकरा वाजून दोन मिनिटांनी रुहीचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"आजोबा, माझ्या पलंगाच्या दांड्यावर रोज कोणीतरी ठोकतं. रूममेटला ऐकू येत नाही." मग तिने विचारलं, "तो आवाज... कसा यायला हवा?"