शेवटची खुर्ची

गोंदियाच्या दुर्गेश्वरीला साउंड सिस्टीमसाठी बोलवा, ती आधी चिठ्ठ्याच वाटणार! बाकीचे विक्रेते फोनवरच भाव सांगून मोकळे होतात. ही बाई मात्र स्वतः सभागृहात येणार, माणसांना त्यांच्या नेहमीच्या जागी बसवणार, मंचावरून दहा शब्द वाचणार आणि ज्याला जे ऐकू आलं ते लिहून घेणार. मगच कुठे काय लागतं ते सांगणार. आमगावच्या एका शाळेला तर तिनं नुसते जाड पडदे लावायला सांगितले आणि हात हलवत परत आली. तिच्या दुकानाचा मालक तिच्यावर भडकला, पण त्याच शाळेनं पुढे तिला चार गिऱ्हाइकं पाठवली.

नवेटोल्याच्या पाणी संस्थेनं तिला बोलावलं तेव्हा धान निसवायला आलं होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या. टिनाच्या छपराचा हॉल, चाळीस सभासद. तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, कधी उघडायचं ते इथेच ठरायचं.

"आठ मोठे बॉक्स लावा मॅडम, एकदम दणका पाहिजे," सभासद म्हणाले.

"दणका कायले?" अध्यक्ष जमुनाबाई म्हणाल्या. "मागच्या ओळीले शब्द समजला पाहिजे, बस."

दुर्गेश्वरीनं मोजून चाळीस चिठ्ठ्या वाटल्या. भिंतीजवळच्या शेवटच्या खुर्चीवर मात्र कुणी बसेना. तिनं दहा शब्द वाचले, चिठ्ठ्या गोळा केल्या. एक्केचाळीस निघाल्या. एक कोरी होती, ओलीचिंब, आणि तिला गाळाचा वास येत होता.

"कोणी पाणी सांडलं का हो?"

जमुनाबाईंनी ती चिठ्ठी पाहिली आणि भिंतीजवळच्या खुर्चीकडे बोट केलं.

"ते खुर्ची योगराजभाऊची हाये. तीन वर्षं झाली. तुडूम उघडाचं मी इथूनच सांगितलं होतं. त्याले मागे आयकू नाही आलं. तो तुडुमाखालच्या मोरीतला गाळ काढाले उतरला, अन् वरून पाणी सुटलं."

भुताखेतांवर दुर्गेश्वरीचा काडीचा विश्वास नव्हता. आपलीच मोजणी चुकली, असं तिनं मनाला बजावलं. पण कोरी चिठ्ठी म्हणजे तक्रार, आणि तक्रार तिनं आजवर कुणाचीच टाकून दिली नव्हती. अशी ही बाई!

"आठ बॉक्स लावले तर टिन आणखीच घुमेल," तिनं सभासदांना समजावलं. "छताखाली बांबूच्या चटया लावा. पुढे दोन छोटे स्पीकर पुरेत. आणखी एक त्या खुर्चीच्या वर."

"रिकाम्या खुर्चीसाठी?"

"जागा आहे ना? मग तिथे ऐकू आलंच पाहिजे."

जमुनाबाईंनी तिचा हात घट्ट धरला.

पंधरा दिवसांनी, भर दुपारी, तिनं पुन्हा चाचणी घेतली. काय सुरेख आवाज! ना घुमणं, ना कर्कश. मागच्या ओळीतले म्हातारे कानावरचा हात काढून हसायला लागले. जमुनाबाईंचे डोळे भरून आले.

या वेळी चिठ्ठ्या तिनं दोनदा मोजल्या होत्या. प्रत्येकीवर सहीही केली होती. चाळीस.

परत आल्या एक्केचाळीस.

शेवटच्या चिठ्ठीवर तिची सही नव्हती. ती ओली होती. वेड्यावाकड्या अक्षरात दहाच्या दहा शब्द बरोबर होते.

खाली आणखी एक ओळ होती. 'आज चार वाजता तुडूम उघडणार, मोरीत कोणी उतरू नका.'

"हे मी वाचलं नाही," दुर्गेश्वरी हळूच म्हणाली.

जमुनाबाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "मी बोलली होती. त्या दिवशी. हेच शब्द."

त्याच्या खाली, अगदी कडेला, लिहिलं होतं: 'आयकू आलं. मोरीतून निघून राहिलो.'

मग दुर्गेश्वरीनं नेहमीप्रमाणे तपासणीचा फॉर्म पुढे ओढला. शेवटची ओळ, शेवटची खुर्ची. त्यापुढे तिनं लिहिलं: 'स्पष्ट ऐकू येते.'

लिहिताना शाई पसरली. फॉर्मही ओला झाला होता.