पाच मिनिटांचं बघणं

रोज दुपारी तीनला मी हेडबाईंच्या पलंगाशी खुर्ची ओढायची, घड्याळ बघायची आणि पाच मिनिटं नुसती बघत बसायची. बोलणं गेलेल्या म्हाताऱ्या माणसाचं दुखणं असंच मोजतात. श्वास, आवाज, चेहरा, अंग, आणि हात फिरवल्यावर जीव शांत होतो का. प्रत्येकाला शून्य ते दोन. बेरीज चार झाली की डॉक्टर औषध लिहून देतात. माझी आई म्हणायची, दुखणं मुकं असतं, हात चुगली करतो. म्हणून मी आधी हात बघायची, कुठली जागा राखून आहे ते.

हेडबाईंनी हेडनर्स म्हणून चाळीस वर्षं वॉर्ड सांभाळलेला. आता दोन वर्षं तोंडून शब्द नव्हता, आणि मनातून एकेक माणूस पुसत पुसत मुलगाही पुसला गेलेला. तो दर रविवारी फोन करून एकच विचारायचा, "आईला दुखत तर नाही ना?" त्याला खरं सांगता यावं म्हणून मी जिवाचे डोळे करून बसायची. नाहीतरी मला दुसऱ्या कुणाचा फोन येत नसे.

एका दुपारी त्यांनी नखानं पलंगाच्या कठड्यावर वाजवलं. टक, टक, टक. दुसऱ्या दिवशी पाच वेळा. चेहरा मात्र दुधावरच्या सायीसारखा निवांत, माझ्या कागदावर शून्य. मला वाटलं, बाई आपला आकडा सांगताहेत. कागद खोटा, नख खरं. डॉक्टरांना गळ घालून मी औषध सुरू करवलं. त्यानंतर हेडबाई दिवसभर गुंगीत पडून राहिल्या, पण तीनला नख वाजलंच. सहा.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, त्यांना आता आकडे कळत नाहीत, औषध थांबवू, तुम्ही बघत राहा.

आकडे खरंच कळत नाहीत का, याची खात्री करावी म्हणून मी साफसफाईच्या मावशींना सगळं सांगून माझ्या खुर्चीत बसवलं. हेडबाईंनी त्यांना बराच वेळ न्याहाळलं. नख दोनदा वाजलं.

"घ्या," मावशी हसल्या. "माझ्या गुडघ्याची बातमी यांच्यापर्यंत कुणी पोचवली?"

मावशी बादली उचलून गेल्या. मी बसले.

आठ.

मी स्वतःलाच चाचपून पाहिलं. डोकं, पाठ, पोट. कुठंही काही दुखत नव्हतं.

हेडबाईंची नजर माझ्या श्वासाबरोबर वरखाली होत होती. मग कठड्यातून त्यांचा हात बाहेर आला, गार, कागदासारखा हलका. माझ्या डाव्या बरगडीखाली टेकला आणि हळूहळू फिरू लागला.

"होईल हं बरं," त्या म्हणाल्या.

मला असा हात लागून किती वर्षं झाली होती. मी उठले नाही.

रविवारी मुलाला सांगितलं, नाही, आईला दुखत नाही. गुरुवारी त्या झोपेतच गेल्या. कागदावर शेवटपर्यंत शून्य.

काल त्या रिकाम्या पलंगाची चादर बदलताना मावशी थबकल्या.

"सिस्टर, हल्ली सारखा तिथं हात का धरता?"

कुठं, म्हणून मी खाली बघितलं.

उजवा हात डाव्या बरगडीखाली जागा राखून होता.